‘वचन बदला’ : शाळकरी विनोदातील श्लेष आणि सत्ता

१

मराठीत विनोदाची मीमांसा झाली नाही, असे म्हणता येणार नाही. न. चिं. केळकरांच्या ‘हास्यविनोदमीमांसे’पासून या विषयाची एक सलग परंपरा आहे. कोल्हटकर, गडकरी, चिं. वि. जोशी, अत्रे, पु. ल. देशपांडे या लेखकांच्या निमित्ताने शाब्दिक कोटी, प्रसंगनिष्ठ विनोद, स्वभावनिष्ठ विनोद अशी वर्गवारीही आपल्या परिचयाची झाली आहे. परंतु ही सारी मीमांसा लेखकाच्या नावाशी बांधलेली आहे. ज्या विनोदाला लेखक नाही, जो बालमासिकाच्या पानातळी उरलेली जागा भरण्यासाठी छापला जातो आणि मधल्या सुट्टीत एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातो, त्या गुरुजी-बंड्याच्या चुटक्याकडे समीक्षेने ‘वाङ्मय’ म्हणून क्वचितच पाहिले आहे. इंग्लंडमध्ये आयोना व पीटर ओपी या दांपत्याने १९५९ साली शाळकरी मुलांच्या मौखिक भांडाराचे विस्तृत संकलन प्रसिद्ध केले. मुले आपले वाङ्मय मोठ्यांच्या नकळत, परस्परांकडून शिकतात ही गोष्ट त्या ग्रंथाने ठळकपणे पुढे आणली.

प्रस्तुत लेखात संकलनाचा हेतू नाही. एक मर्यादित प्रश्न येथे उपस्थित करावयाचा आहे : शाळकरी चुटक्यात हसणारा कोण, आणि ज्याला हसले जाते तो कोण? हा प्रश्न केवळ समाजशास्त्रीय नाही. त्याचे उत्तर चुटक्याच्या भाषिक रचनेतच, त्यातही श्लेषाच्या असण्या-नसण्यात दडलेले आहे, असे मला वाटते.

२

चुटक्याची रचना पाहू. गुरुजी विचारतात, “‘घोडा’ या शब्दाचे वचन बदल.” बंड्या म्हणतो, “गुरुजी, दिलेले वचन बदलू नये, असे तुम्हीच काल सांगितलेत.”

संस्कृत साहित्यशास्त्राने या रचनेला फार पूर्वीच नाव दिलेले आहे. नवव्या शतकातील रुद्रटाने ‘वक्रोक्ती’ हा शब्दालंकार मानला, आणि पुढे मम्मटाने काव्यप्रकाशाच्या नवव्या उल्लासात त्याचा स्वीकार केला. एकाने एका अर्थाने उच्चारलेले वाक्य दुसऱ्याने जाणूनबुजून वेगळ्या अर्थाने घेणे, हे तिचे स्वरूप. कुंतकाची व्यापक, काव्याचा प्राण ठरलेली वक्रोक्ती ही नव्हे. ही संवादात घडणारी, दोन माणसांची गरज असलेली वक्रोक्ती होय. तिचे दोन प्रकार : श्लेषावर आधारलेली आणि काकूवर, म्हणजे स्वराच्या ढंगावर आधारलेली. ‘वचन बदल’ हा पहिल्या प्रकारचा नमुना. दुसऱ्या प्रकाराच्या जवळचा नमुनाही वर्गात सापडतो. उशिरा आलेल्या मुलाला गुरुजी उपरोधाने म्हणतात, “वा! आणखी थोडे उशिरा यायचे होतेस.” मुलगा नम्रपणे उत्तरतो, “उद्या येईन, गुरुजी.” येथे शब्दाला दोन अर्थ नाहीत. मुलाने गुरुजींच्या स्वरातील उपरोध तेवढा गाळून टाकला, आणि उरलेले वाक्य आज्ञेप्रमाणे शिरोधार्य मानले.

या अलंकाराचे परंपरागत उदाहरण शिव-पार्वतीच्या संवादाचे आहे. दाराबाहेरून शिव स्वतःची ओळख ‘शूली’ अशी देतो. पार्वती त्या शब्दाचा ‘शूळ उठलेला’ असा अर्थ घेऊन त्याला वैद्याकडे जाण्याचा सल्ला देते. हा समबलांचा खेळ आहे. दोघांनाही दोन्ही अर्थ ठाऊक आहेत, आणि दार उघडणार हेही ठाऊक आहे. वर्गात मात्र अलंकाराचे रूप तेच राहून त्याची परिस्थिती बदलते. तेथे एकाच्या हाती प्रश्न, गुण आणि (निदान चुटक्यात) छडी असते. दुसऱ्याच्या हाती केवळ भाषा असते. समबलांत जी क्रीडा असते, ती विषमबलांत प्रतिकाराची एक शक्यता होते.

वर्गातल्या प्रश्नाचे स्वरूपच मुळात विलक्षण आहे. जॉन सर्ल या तत्त्वज्ञाने १९६९ साली ‘खरा प्रश्न’ आणि ‘परीक्षेचा प्रश्न’ असा भेद केला. खऱ्या प्रश्नात विचारणाऱ्याला उत्तर हवे असते. परीक्षेच्या प्रश्नात उत्तर त्याच्यापाशी असतेच, समोरच्याला ते येते की नाही एवढेच त्याला पाहायचे असते. व्यवहारात कोणी स्वतःला ठाऊक असलेली वाट दुसऱ्याला विचारू लागला तर आपण त्याला चमत्कारिक समजू. वर्गात मात्र हाच चमत्कारिकपणा नियम असतो. पुढे १९७५ साली सिंक्लेअर आणि कूल्थार्ड यांनी वर्गसंवादाचा तीन पायऱ्यांचा एक आकृतिबंध दाखवला : शिक्षकाचा प्रश्न, विद्यार्थ्याचे उत्तर आणि शिक्षकाचा अभिप्राय. ‘बरोबर’, ‘चूक’, ‘बस खाली’ ही तिसरी पायरी म्हणजे वर्गातील सत्तेचे खरे स्थान. शेवटचा शब्द तेथे शिक्षकाचा असतो.

आता चुटक्याकडे पुन्हा पाहिले, तर त्याची सर्वांत महत्त्वाची कृती ध्यानात येते. चुटका दुसऱ्या पायरीवर थांबतो. बंड्याच्या उत्तरानंतर गुरुजी काय म्हणाले, हे तो सांगत नाही. अभिप्रायाची जागा मोकळी राहते आणि ती श्रोत्याच्या हशाने भरली जाते. ज्या व्यवस्थेत शेवटचा शब्द नेहमी शिक्षकाचा, तेथे विद्यार्थ्याच्या शब्दावर पडदा पाडणे, ही त्या आकृतिबंधाचीच मोडतोड आहे. उत्तर विनोदी असणे ही त्या मोडतोडीची किंमत. गंभीर उत्तराला ही सवलत मिळाली नसती.

३

हा श्लेष वर्गातच, आणि त्यातही व्याकरणाच्या तासाला, इतका सहज का सापडावा? याचे कारण आपल्या शालेय परिभाषेच्या घडणीत आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून आजतागायत मराठी व्याकरणाची परिभाषा प्रामुख्याने संस्कृत शब्दांनी बनली आहे. पण हे शब्द मराठीत केवळ परिभाषा म्हणून नांदत नव्हते. वचन, काळ, संधी, समास, प्रयोग, पुरुष, अर्थ, विशेष हे सारे शब्द घरात, बाजारात, कीर्तनात आधीपासून वावरत होते. व्याकरणाने त्यांना वर्गात बोलावले आणि त्यांचे बाकीचे अर्थ दाराबाहेर ठेवायला सांगितले. चुटका हे दाराबाहेरचे अर्थ आत घेऊन येतो.

काही नमुने पाहू. गुरुजी म्हणतात, “‘सूर्योदय’, संधी सोडव.” मुलगा म्हणतो, “नको गुरुजी, आलेली संधी सोडू नये म्हणतात.” गुरुजी विचारतात, “‘मुले शाळेत जातात’, काळ कोणता?” उत्तर येते, “सकाळ.” काटेकोर व्याख्या लावली तर हा श्लेष नव्हे, एका शब्दाच्या पोटात दुसरा शब्द सापडल्याचा हा आनंद आहे. तरीही मुलाचे उत्तर निराधार नाही. व्युत्पत्तीने ‘सकाळ’मध्ये काळ आहेच, आणि मुले शाळेत बहुधा सकाळीच जातात. वर्तमानकाळ हे उत्तर वाक्याविषयी आहे. सकाळ हे उत्तर मुलांविषयी आहे.

‘समास’ या शब्दाची गंमत याहून सूक्ष्म आहे. मराठीच्या प्रश्नपत्रिकेत समास सोडवायचा असतो. वहीच्या पानावर समास सोडायचा असतो. “समास सोडवलास का?” या प्रश्नाला “हो, डावीकडे एक इंच” असे उत्तर मिळते तेव्हा ‘व’ या एका अक्षराच्या अंतरावर दोन वेगळ्या शाळा उभ्या असल्याचे दिसते. एक ज्ञानाची, दुसरी शिस्तीची. मुलाला दुसरीचा अनुभव अधिक, कारण पानावरचा समास रोज तपासला जातो.

‘पाठ’ हा शब्द तर शालेय जीवनाचा कोशच म्हणावा. क्रमिक पुस्तकातील गद्य धडा तो पाठ. तोंडपाठ असते तेही पाठ. आणि धपाटा बसतो तीही पाठच. “कविता पाठ आहे का?” या प्रश्नाला “नाही गुरुजी, कविता आहे, पाठ पुढच्या पानावर आहे” असे उत्तर देणारा मुलगा पुस्तकाची अनुक्रमणिका तंतोतंत पाळतो. “उत्तर कुठे असते?” असे भूगोलाच्या तासाला विचारल्यावर “पुस्तकाच्या शेवटच्या पानावर” असे सांगणारा मुलगा गणिताच्या पुस्तकाविषयी खरे बोलत असतो. आणि “तुझे सगळे गुण मला ठाऊक आहेत” असे वडील रागाने म्हणतात, तेव्हा “म्हणजे निकाल लागला?” असे घाबरून विचारणाऱ्या मुलाने, परीक्षेच्या आकड्याला ‘गुण’ म्हणणाऱ्या समाजाचा एक गृहीत सिद्धांत नकळत उघडा पाडलेला असतो.

या सर्व उदाहरणांत एक समान सूत्र आहे. मुलाचे उत्तर चूक असते, पण अर्थहीन नसते. ते भाषेच्या नियमांत बसते. बसत नाही ते केवळ प्रश्नाच्या अपेक्षेत. श्लेष हा अलंकार दोन अर्थांना एकाच वेळी वैध ठरवतो. म्हणून येथे हशा होतो तो मुलाच्या अज्ञानाला नव्हे. एका शब्दाचा एकच अर्थ आहे असे धरून चालणाऱ्या प्रश्नाला होतो.

४

श्लेषाविना असे काही घडू शकते काय? शिवधनुष्याचा चुटका यासाठी तपासण्यासारखा आहे. तो भारतभर अनेक भाषांत सांगितला जातो. तपासणीसाठी आलेले साहेब विचारतात, “शिवधनुष्य कोणी मोडले?” मुलगा घाबरून म्हणतो, “मी नाही मोडले.” साहेब शिक्षकाकडे पाहतात. शिक्षक म्हणतात, “मुलगा खोडकर आहे, पण खोटे बोलणार नाही.” साहेब मुख्याध्यापकांकडे जातात. मुख्याध्यापक म्हणतात, “झाले ते झाले. नुकसानभरपाई शाळा देईल.”

‘मोडणे’ या क्रियापदाला येथे दुसरा अर्थ नाही. द्व्यर्थी आहे ती प्रश्नाची जात. साहेबांनी परीक्षेचा प्रश्न विचारला, मुलाने तो खरा प्रश्न समजला. नव्हे, त्याने तो आरोप समजला. ज्या मुलाला ‘कोणी मोडले?’ हे वाक्य आजवर फक्त खडू, फळी आणि खिडकीची काच यांच्या संदर्भात ऐकायला मिळाले, त्याने दुसरे काय समजावे? चुटक्याची खरी तीक्ष्णता मात्र पुढे आहे. हा समज मुलापुरता राहत नाही. तो पायरी-पायरीने वर चढतो, आणि प्रत्येक पायरीवर त्या पदाला साजेशी भाषा घेतो : मुलाची भीतीची, शिक्षकाची शिफारशीची, मुख्याध्यापकांची जमाखर्चाची. अज्ञान संस्थेत वरच्या बाजूला झिरपत जाते. मूल त्याचे केवळ पहिले स्थानक असते. श्लेष नसूनही हशा मुलावर कोसळत नाही, तो या रचनेमुळे.

लेखकाने लिहिलेल्या शालेय विनोदापासून चुटका वेगळा होतो तो येथे. पु. लं.च्या ‘बिगरी ते मॅट्रिक’मध्ये किंवा ‘व्यक्ती आणि वल्ली’तील चितळे मास्तरांत शाळा आठवली जाते. निवेदक प्रौढ झालेला असतो. छडीची जागा कृतज्ञतेने घेतलेली असते. स्मरण हा त्या विनोदाचा स्थायी धर्म आहे आणि स्मरणात क्षमा अटळ असते. चुटक्याला निवेदक नाही, म्हणून स्मरण नाही आणि क्षमाही नाही. बंड्या कधी मॅट्रिक होत नाही. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९च्या कायद्याने कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षेला मनाई केली. चुटक्यातील छडी मात्र हातची सुटलेली नाही. हा चुटक्याचा मागासलेपणा समजण्याचे कारण नाही. शिक्षेचे साधन बदलले तरी प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा यांतील अंतर कायम आहे, आणि चुटका ते अंतर जुन्या चिन्हाने दाखवतो इतकेच.

५

येथवरचे विवेचन वाचून शाळकरी विनोद हा स्वभावतःच मुक्तिदायी असतो असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. त्याच वर्गात दुसराही एक हशा असतो.

फ्रॉइडने १९०५ साली विनोदावरील आपल्या ग्रंथात निरुपद्रवी विनोद आणि हेतुगर्भ विनोद असा भेद केला. दुसऱ्या प्रकाराला तीन व्यक्ती लागतात असे त्याचे म्हणणे : विनोद करणारा, विनोदाचा विषय होणारा आणि ऐकून आनंद घेणारा. ‘वचन बदल’मध्ये विनोद करणारा मुलगा आहे, विषय गुरुजी आहेत आणि ऐकणारे आपण. आता ज्या चुटक्यात मुलगा ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणतो, ‘होता’ऐवजी ‘व्हता’ म्हणतो आणि त्यावरच वाक्य संपते, तेथे या तीन जागा कशा भरल्या जातात? बोलणारा मुलगाच आहे, पण विनोद करणारा तो नाही. तो विषय झाला आहे. विनोद करणारा आहे तो सांगणारा, आणि ऐकणारे आपण त्याच्या बाजूला जाऊन बसलो आहोत.

या दोन चुटक्यांतील फरक आशयाचा नाही, रचनेचा आहे. पहिल्यात शब्दाला दोन अर्थ आहेत आणि दोन्ही वैध आहेत. दुसऱ्यात एकाच अर्थाची दोन रूपे आहेत आणि त्यांपैकी एकच वैध मानले आहे. पहिला श्लेष, दुसरी ‘अशुद्धी’. श्लेष वैधतेची संख्या वाढवतो. अशुद्धीचा विनोद ती एकावर आणून ठेवतो. प्रमाण मराठीची घडण एकोणिसाव्या शतकात पुणे परिसरातील शिक्षित वर्गाच्या बोलण्याभोवती झाली. ज्या मुलाच्या घरात ‘ण’ हा ध्वनी नांदत नाही, त्याच्या तोंडी ‘पानी’ हे चुकलेले ‘पाणी’ नसते. ते त्याचे पाणीच असते. त्याला हसणारा वर्ग भाषेला हसत नाही, त्याच्या घराला हसतो. ‘भाषा सुधारण्या’च्या नावाखाली हा हशा वर्षानुवर्षे चालत आला आहे, आणि वर्गात तोंड न उघडण्याची सवय तो किती मुलांना लावून गेला, याचा हिशेब कोणत्याच प्रगतिपुस्तकात नसतो.

या हशावर प्रतिहल्ला करणारे चुटकेही आहेत. शुद्ध उच्चारांचा आग्रह धरणारे गुरुजी ऐटीत सांगतात, “आमच्यात ‘ण’ला ‘न’ म्हनत नाही कोनी.” हा चुटका अनेकांना ठाऊक असेल. येथे हशा गुरुजींवर उलटतो, आणि सत्तेचा ढोंगीपणा उघडा पडला असे वाटते. पण नीट पाहिले तर हशाचे इंधन पूर्वीचेच आहे. ‘कोनी’ हे रूप हास्यास्पद आहे, हा नियम मान्य केल्यावाचून हा चुटका चालतच नाही. त्याने आरोपी बदलला, पण कायदा तोच ठेवला. सत्ताधाऱ्याला हसणारा प्रत्येक विनोद सत्तेच्या व्याकरणाला हसतोच असे नाही, ही गोष्ट आपल्या विनोदसमीक्षेने अधिक गांभीर्याने घ्यायला हवी.

६

मग कायदाच बदलणारा विनोद असू शकतो काय? त्याचा एक नमुना, साधाच, येथे घेतो.

गुरुजी विचारतात, “‘मी’ला इंग्रजीत काय म्हणतात?” मुलगा म्हणतो, “आय.” गुरुजी म्हणतात, “छान. आणि आय म्हणजे?” मुलगा म्हणतो, “रानात गेलीया.”

रुद्रट-मम्मटांनी श्लेषाचे जे आठ प्रकार सांगितले, त्यांत लिंग, विभक्ती, वचन यांच्या जोडीला ‘भाषाश्लेष’ हाही एक आहे. एकच ध्वनिमालिका दोन भाषांत दोन अर्थ देते, तेव्हा तो होतो; संस्कृत आणि प्राकृत एकाच ओळीत वाचता येणे हे त्याचे जुने रूप. दोन भाषा एका ध्वनीवर सारख्याच हक्काने उभ्या राहिल्याशिवाय भाषाश्लेष संभवत नाही. वरच्या चुटक्यात नेमके हेच घडते. ‘आय’ हा इंग्रजीचा सर्वनामवाचक शब्द आहे, आणि ‘आय’ हा बोलीतील मातृवाचक शब्द आहे. प्रमाण मराठीतील ‘आई’ या संवादात कोठेच नाही. बोलीतले रूप येथे प्रमाण रूपाच्या शेजारी ‘चूक’ म्हणून उभे केलेले नाही. ते इंग्रजीच्या शेजारी, तिच्याइतक्याच वजनाचा दुसरा अर्थ म्हणून उभे आहे. ‘पानी’ला जो दर्जा अशुद्धीच्या विनोदाने नाकारला, तो ‘आय’ला श्लेषाने मिळवून दिला. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आली, आणि पाचवीत होणारी ही भेट सहाव्या-सातव्या वर्षी होऊ लागली. त्या वयाच्या मुलाला ‘मी’ आणि ‘आय’ यांत कोणाचे अस्तित्व अधिक निःसंशय वाटत असेल, हे सांगायला नको.

अर्थात हाही चुटका निर्धोक नाही. सांगणाऱ्याने ‘रानात गेलीया’ हे शब्द गावंढळपणाची नक्कल म्हणून ओढूनताणून उच्चारले, तर श्लेष मागे पडतो आणि काकू पुढे येते. मूल पुन्हा विनोदाचा विषय होते. कागदावर एकच दिसणारी संहिता दोन तोंडांत दोन विरुद्ध बाजूंना जाते. म्हणून शाळकरी चुटक्याचा अभ्यास छापील पानावर पुरा होणार नाही. तो कोणी, कोणाला, कोणत्या स्वरात सांगितला, आणि प्रथम कोण हसले, हे त्याच्या संहितेचाच भाग मानावे लागेल. रुद्रटाने श्लेषाच्या बरोबरीने काकूला वक्रोक्तीचा आधार मानले, त्याचे महत्त्व येथे पटते.

तेव्हा प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल : ज्या चुटक्यात मुलाच्या उत्तराला भाषेचा आधार मिळतो, तेथे हसणारे मूल असते, ज्यात त्याच्या भाषेचाच आधार काढून घेतला जातो, तेथे ते हसे होते. दोन्ही चुटके एकाच बाकावर सांगितले जातात, बहुधा एकाच मधल्या सुट्टीत. त्यांना एकाच ‘बालसुलभ विनोद’ या सदरात घालणे ही समीक्षेची चूक होईल. मराठीचे अध्यापन करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या वर्गात उद्या एखादा विद्यार्थी अपेक्षेबाहेरचे उत्तर देईल आणि वर्ग हसेल. तो हशा कशाला होता, हे तिसऱ्या पायरीवरचा आपला शब्द उच्चारण्यापूर्वी आपण ऐकून घेतले पाहिजे.